तंबाखूच्या पाइपासाठीं लेथ घेतांना

शेतीस जोडधंदा असावा, हें आतां कोणास पटवून देण्याची गरज राहिलेली नाहीं. शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या, रेशीम व अळिंबी यांच्या शिफारशी वाचून वाचून आमचा शेतकरी बांधव तृप्त झाला आहे, व त्यांतील खरें किती आणि पोकळ किती हेंहि त्यास स्वानुभवानें कळून चुकलें आहे. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न आमच्याकडे येऊं लागला आहे. ज्या घरांत एखादा मुलगा थोडाबहुत शिकलेला आहे, त्याच्या हातास कसब आहे आणि रब्बीची पेरणी उरकल्यावर ज्यास वेळ उरतो, अशा घरांतून विचारणा होते कीं, लांकूड कातण्याचें लहानसें लेथ घेऊन तंबाखूचे पाइप करावे असें मनांत आहे. तर लेथ कोणतें घ्यावें व त्यांत किती पैसे घालावे? मुलानें मोबाइलवर कोणा परदेशी कारागिराचें काम पाहिलेलें असतें, बापास खर्चाची धास्ती असते, आणि दोघांचें एकमत होत नाहीं म्हणून तिसऱ्यास विचारावयाचें, अशी ही रीत आहे. आम्हीं उभा जन्म महसूल कचेरींत खातीं-पोटखातीं लिहिण्यांत घालविला असला, तरी निवृत्तीनंतर लांकूडकामाचा नाद लागल्यामुळें या प्रश्नाचा बराच पिच्छा पुरविला आहे, व त्याविषयीं आमचें मत ठाम झालें आहे. तें येथें मांडतों.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बागाईतदार वाचकांस पाइप म्हटल्यावर विहिरीवरचा नळ आठवेल. तो हा नव्हे. हा पाइप म्हणजे आपल्या चिलमीचा परदेशी भाऊबंद. लांकडाची लहानशी वाटी, तिला जोडून आडवी दांडी, व दांडीस तोंडांत धरण्याची काळी नळी. दुसरी गोष्ट अशी कीं, आम्ही तंबाखूचें समर्थन करीत नाहीं. पाइपाचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षां निरुपद्रवी असतो ही समजूत खोटी आहे. त्यानेंहि तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो. ज्यांस ही वस्तु करणेंच पटत नाहीं त्यांनीं ती करूं नये, परंतु पुढील मजकूर वाचावा. कारण जें लेथ पाइपास चांगलें तें खुरप्याच्या मुठीस व लाटण्यासहि चांगलेंच असतें. निपाणी, चिकोडी व कागल या बाजूंच्या तंबाखू पिकविणाऱ्या वाचकांनींहि आपल्या मालास नवें गिऱ्हाईक मिळेल अशी आशा धरूं नये. विडीची तंबाखू निराळी व पाइपांत भरण्याची व्हर्जिनिया अगर बर्ले जातीची निराळी.

हा धंदा जेथें वाढला तेथें तो कोणाच्या हातून वाढला, हें पाहण्याजोगें आहे. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर ज्युरा नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें हिवाळ्यांत बर्फ पडून शेतीचें काम महिनोन्‌महिने बंद राहतें. सां-क्लोद हें त्या मुलखांतील जुनें यात्रेचें गांव. यात्रेकरूंस विकण्यासाठीं जपमाळा व इतर लहानसहान वस्तू तेथील लोक बॉक्सवुड नांवाच्या घट्ट लांकडांतून कातून करीत. हिवाळ्यांत शेतकऱ्याच्या घरीं हेंच काम चाले. पुढें १९ व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ब्रायर लांकडाचे पाइप तेथें होऊं लागले, आणि तें गांव पाइपांकरितां साऱ्या जगांत प्रसिद्धीस आलें. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, मूळ व खोड यांच्यामधील गांठ. ती कापून ठोकळे करतात, ठोकळे कित्येक तास पाण्यांत उकळतात, व नंतर महिनोगणती सांवलींत वाळवितात. असें लांकूड आंतील विस्तवानें सहसा जळत नाहीं व धुरास आपली चव देत नाहीं, हाच त्याचा गुण.

दुसरें उदाहरण आपणांस अधिक जवळचें वाटेल. अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत वॉशिंग्टन नांवाचें एक लहान शहर आहे. राजधानीचें तें निराळें. तेथें हेन्री टिबे नांवाचा हॉलंडहून आलेला कातारी दुकान चालवीत असे. १८६९ सालीं एका शेतकऱ्यानें मक्याच्या बुरकुंडाचा चाकूनें कोरलेला पाइप त्याच्याकडे नेला व असा एक लेथावर कातून दे म्हणून सांगितलें, अशी हकीकत आहे. शेतकऱ्यास तो इतका पसंत पडला कीं टिबेनें आणखी कांहीं करून दुकानांत मांडले, व तेहि खपले. बुरकुंडाचा सच्छिद्र पृष्ठभाग प्लास्टर ऑफ पॅरिसनें भरून गुळगुळीत करण्याच्या युक्तीचें पेटंट त्यास १८७८ सालीं मिळालें. त्या शहरीं बुरकुंडाचे पाइप करण्याचा कारखाना आजहि चालू आहे, व त्यासाठीं जाड बुरकुंडाची मक्याची खास जात लावली जाते. आपल्याकडे दाणे काढून झाल्यावर बुरकुंड बंबांत जातें.

या दोन्ही हकीकतींत आमच्या तरुण मित्रांच्या नजरेंतून एक गोष्ट निसटते. सां-क्लोदचे लोक काय किंवा टिबे काय, त्यांच्या घरीं लेथ आधींपासून होतें व तें दुसऱ्या कामावर पोट भरीत होतें. पाइप मागाहून आला. पाइपासाठीं म्हणून कोणी लेथ घेतलें नाहीं. आमच्याकडील विचार नेमका उलटा चालतो, आणि पैसा बुडतो तो त्यामुळेंच.

आतां पाइप लेथाकडे काय मागतो तें पाहूं. पाइप करणें म्हणजे कातणें, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्यांत कातण्यापेक्षां भोंकें पाडण्याचेंच काम अधिक नाजूक आहे. साध्यांतला साधा पाइप घेतला तरी त्यांत तीन भोंकें असतात. एक तंबाखू भरण्याचा खळगा, सुमारें सहा सूत म्हणजे पाऊण इंच रुंद, दीड इंच खोल व तळाशीं गोलसर. दुसरें धुराचें, सव्वा सूत म्हणजे सुमारें ४ मिलिमीटर. तिसरें तोंडांतल्या नळीची खुंटी बसण्याचें, अडीच सूत म्हणजे सुमारें ८ मिलिमीटर. धुराचें भोंक खळग्याच्या अगदीं तळाशीं व बरोबर मध्यावर उघडलें पाहिजे. तें वर उघडलें तर तळची तंबाखू न जळतां ओली होऊन बसते. बाजूस उघडलें तर एका अंगास निखारा व दुसऱ्या अंगास राख अशी गत होते. बाहेरचा आकार थोडा बिघडला तर कानशीनें सुधारतां येतो, नव्हे, त्यांतूनच कधीं कधीं बरा आकार निघतो. भोंक वांकडें गेलें कीं ठोकळा चुलींत.

शिवाय पाइपाचा सबंध आकार लेथावर होतच नाहीं. वाटी व दांडी एकमेकींशीं काटकोनांत असतात. वाटी कातूं लागलें कीं दांडीचें लांकूड पंख्याच्या पात्याप्रमाणें गरगर फिरतें, आणि पटाशी धरणाराचीं बोटें तेथून चार अंगुळांवर असतात. म्हणून जाणते कारागीर वाटीचा वरचा भाग व दांडीचा शेवट एवढेंच लेथावर कातून, मधला सांधा कानस व काचकागद यांनींच घडवितात. एका पाइपाच्या कामांत लेथाचा वांटा तासाभराचा, आणि कानशीचा वांटा दिवसाचा, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हें ध्यानांत धरलें म्हणजे लेथावर किती खर्च करावा याचें अर्धें उत्तर आपोआप मिळतें.

उरलेलें अर्धें असें. लेथाची लांबी पाहून भुलूं नये. विकणारा लांबी सांगतो, कारण ती डोळ्यांत भरते. पाइप हाताच्या पंजाएवढा. त्यास चार फुटांचा बेड काय करावयाचा? मात्र फार आंखूडहि उपयोगाचें नाहीं. एका अंगास ठोकळा पकडणारा चक, दुसऱ्या अंगास ड्रिल पकडणारा चक, त्यापुढें ड्रिल, व मध्यें ठोकळा, एवढीं माणसें एका बांकावर बसवावयाचीं असतात. त्यांस १२ इंच अंतर अपुरें पडतें, १६ इंच पुरतें. बेडावर फिरण्यास मिळणारी गोलाई ८ इंचांहून कमी नसावी. १० असल्यास उत्तम, कारण ठोकळ्याची आडवी दांडी फिरतांना बेडास लागतां कामा नये.

दोन्ही टोकांच्या भोंकांची निमुळती घडण मोर्स क्रमांक २ ची असावी. अगदीं स्वस्त लेथांत ती क्रमांक १ ची असते. तींत बसणारीं अवजारें बारीक शेंपटीचीं. पाऊण इंचाचें ड्रिल लांकडांत शिरूं लागलें कीं त्यांची पकड सुटते व चक जागच्या जागीं फिरूं लागतो. स्पिंडलावरचा आंटा चालू मापाचा आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. १ इंच व्यास आणि इंचास ८ आंटे हें माप पुष्कळ चकांस चालतें. आडमापाचा आंटा म्हणजे पुढें प्रत्येक चकासाठीं जोडतुकडा करून घेण्यास टर्नरकडे खेटे. वेग पट्टा बदलून कमी होत असो कीं बटणानें, तो मिनिटास ५०० फेऱ्यांच्या खालीं आला पाहिजे. मोठें भोंक हळू पाडावें लागतें, आणि पुष्कळ स्वस्त यंत्रें सातआठशेंच्या खालीं येतच नाहींत. मोटार अर्ध्या अश्वशक्तीची पुरे. यंत्र बिडाचें असावें, पत्र्याचें नको. वजन हा येथें दोष नसून गुण आहे. हलकें यंत्र असमतोल ठोकळा फिरूं लागला कीं टेबलावर चालूं लागतें.

हें सर्व कागदावर लिहिलेलें असूं शकतें. जें लिहिलेलें नसतें तें जागेवर जाऊन पाहावें लागतें. आणि जागेवर न जातां केलेला पंचनामा काय लायकीचा असतो तें आमच्याइतकें कोणास ठाऊक! डाव्या टोकांत एक अणकुचीदार खुंटी बसवावी, उजव्या टोकांत दुसरी, आणि उजवें टोक सरकवीत सरकवीत दोन्ही अण्या एकमेकींस भिडवाव्या. त्या टोकास टोक लागल्या पाहिजेत. एक वर व एक खालीं, किंवा एक पुढें व एक मागें राहिली, तर त्या यंत्रावर पाडलेलें भोंक ठरल्या जागीं उघडणार नाहीं, मग त्याची किंमत कांहींहि असो. ही परीक्षा दोनदां करावी. एकदां उजव्या टोकाची नळी आंत असतांना, व एकदां चाक फिरवून ती पूर्ण बाहेर काढल्यावर. पुष्कळ यंत्रें पहिल्या परीक्षेंत उतरतात व दुसरींत पडतात. नळीची धांव दोन इंचांहून कमी नसावी. त्यानंतर पटाशी टेकण्याचा आडवा टेकू घट्ट करून त्यावर हातानें जोर द्यावा. तो लवला कीं पटाशी लवली. दुकानदार या प्रकारास कंटाळला तर खुशाल दुसरें दुकान गांठावें.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि सांगितलें पाहिजे, कारण तो पक्ष मूर्खांचा नाहीं. ते म्हणतात, नवीं लहान लेथें हीं खेळणीं आहेत. त्याच पैशांत भंगारवाल्याकडून कारखान्यांतलें जुनें बिडाचें लेथ मिळतें, तें नातवापर्यंत टिकेल. टिकण्याविषयीं आमचा वाद नाहीं. धातूच्या कामाचें जुनें लेथ सरळ असेल तर भोंकें पाडण्यास व नळीची खुंटी मापांत कातण्यास लांकडाच्या लेथाहून अधिक नेमकें असतें, हेंहि आम्ही मान्य करितों. कित्येक पाइपवाले तेंच वापरतात. परंतु जुन्या यंत्राचा बेड चकाच्या जवळच्या हातभर भागांत झिजलेला असतो, कारण आयुष्यभर काम तेथेंच झालेलें असतें. तो झिजला आहे हें ओळखावयास जी नजर लागते ती नवशिक्यास नसते. आणि ज्यास ती आहे त्यास आमच्या सल्ल्याची जरूर नाहीं.

मोठी अडचण विजेची आहे. कारखान्यांतलीं जुनीं यंत्रें बहुतेक तीन फेजवर चालणारीं. गांवांतल्या घरांत एक फेज असते; तीन फेज असते ती विहिरीवरच्या पंपास, आणि तीहि ठराविक तासच. मग मुलगा म्हणतो, लेथ मोटारीच्या खोपटांतच मांडूं. हें मात्र कोणींहि करूं नये. शेतीपंपासाठीं दिलेली वीज दुसऱ्या कामास लावणें हा २००३ च्या विद्युत् कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी सवलतीच्या दरानें न होतां, ज्या कामास वीज वापरली त्या कामास लागू असणाऱ्या दराच्या दुपटीनें होते. पाइप विकून तें बिल फिटणार नाहीं. घरच्या एका फेजवर, ओसरीच्या कोपऱ्यांत, पाण्यापासून दूर, आणि अर्थिंग तपासून चालेल असेंच यंत्र घ्यावें.

आतां पैशाची वांटणी. हातांत जो रुपया आहे त्यांतले आठ आणेच लेथास द्यावे, हें आमचें मत आहे, व यावर आमच्याशीं वाद घालणारे पुष्कळ आहेत. उरलेल्या आठ आण्यांत चक, ड्रिलें, पटाश्या, त्यांस धार लावण्याचा दगड, डोळ्यांसमोरची ढाल व नाकावरचा चांगला मुखवटा हें सारें यावयाचें आहे. चार जबड्यांचा साधा चक गोल लांकूड पकडतो. पाइपाचा ठोकळा वेडावांकडा असतो, त्यास उंच जबड्यांचा दोन जबडी चक लागतो. त्यांत ठोकळा एकदां वाटीच्या अंगानें व एकदां दांडीच्या अंगानें धरतां येतो. हा एक चकच लहान लेथाच्या किंमतीच्या जवळ जातो. ज्यानें सोळाच्या सोळा आणे लेथावर घातले, तो पुढें ठोकळा खिळ्यांनीं फळीवर ठोकून फिरवूं पाहतो, आणि मग डोळा जातो. ब्रायरचा भुसा मैद्यासारखा बारीक असतो. उपरण्याचें टोंक नाकावर बांधून तो अडत नाहीं. उपरण्यावरून आठवलें: लेथापाशीं उपरणें, लोंबती बाही, गळ्यांतला गोफ, हातांतलें कडें व विणलेले हातमोजे यांतलें कांहींहि चालत नाहीं. मळणीयंत्रानें किती हात खाल्ले हें ज्या गांवांनीं पाहिलें आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत गेल्या हंगामांत हा प्रश्न निकरास आला होता. चार एकर ऊंस, एक विहीर, दोन मुलगे. धाकट्यानें मोठ्या लेथाची किंमत काढून आणली होती, आणि सोसायटीचें पीककर्ज नुकतेंच खात्यावर जमा झालें होतें. वडील ओसरीवर मान खालीं घालून बसलेले. मुलगा आम्हांस म्हणाला, "भाऊसाहेब, एकदांच मोठें घेतलें म्हणजे पुन्हां घ्यावयास नको. कर्ज ऊंस गेल्यावर फेडूंच कीं."

"आणि खत कशानें घ्यावयाचें?" आम्हीं विचारलें.

"खताचें बघूं. दोन महिन्यांत पाइप विकले जातील."

"बाळ, आजवर तूं किती पाइप केले आहेस?"

यावर तो गप्प झाला. वडील म्हणाले, "भाऊसाहेब, पोराची हौस मोडावी असें आमच्या मनांत नाहीं. पण पेरणीचा पैसा यंत्रांत गेला तर वर्ष कसें निघावयाचें?"

वडिलांचा प्रश्न हाच या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. पीककर्ज हें पिकासाठीं असतें. तें मुदतींत फेडलें तरच व्याजाची सवलत मिळते. मुदत टळली कीं सवलत जाते, खातें थकबाकींत पडतें, व पुढच्या हंगामाचें कर्ज अडतें. लेथास हंगाम नाहीं, त्याच्या मालास हमीभाव नाहीं, आणि नवशिक्याचे पहिले दहा पाइप विकण्याच्या योग्यतेचे नसतात. म्हणून पीककर्जाचा एक पैसाहि यांत जाऊं नये, या मतास आम्हांकडून सूट नाहीं. ऊंसाचें बिल येऊन सर्व देणीं भागल्यावर जें उरेल त्यांतूनच हें यंत्र यावें. आणि कांहीं उरलें नाहीं तर यंत्र येऊं नये.

त्या मुलास आम्हीं जें सुचविलें तें सर्वांस सांगण्याजोगें आहे. पहिला पाइप लेथावांचून करावा. शेगडा, हातड्रिल अगर उभें ड्रिल, दोन कानशी व काचकागद एवढ्यानें तो होतो. परदेशांत तर भोंकें पाडून नळी बसविलेले ठोकळेच नवशिक्यांसाठीं विकतात. गिऱ्हाइकानें फक्त आकार द्यावयाचा. सरावासाठीं तेंहि नको. घरच्या मक्याचें जाड बुरकुंड घ्यावें, आंतला भेंडासारखा गाभा कोरून काढावा, तळाशीं टेकावयापुरता ठेवावा, व बाजूनें नळीचें भोंक पाडावें. आपल्या संकरित मक्याचीं बुरकुंडें पातळ, तेव्हां तो पाइप टिकणार नाहीं. पण भोंक नेमकें तळाशीं उघडणें म्हणजे काय हें त्यावर फुकट शिकतां येतें. नंतर बाभळीच्या ठोकळ्यावर तेंच करावें. ज्यास या कामाचा वीट महिन्याभरांत आला त्याचा लेथाचा खर्च वांचला. त्या मुलास वीट आला नाहीं; त्यानें सतरा बुरकुंडें बिघडवून अठरावें साधलें, व लहान लेथासाठीं तो आतां ऊंसतोडीची वाट पाहत आहे.

लहान लेथ आलें म्हणजे त्यानें आपलें पोट पाइपांच्या आधीं भरावयास शिकावें. खुरप्याची, विळ्याची, कानशीची मूठ. लाटणें, रवी, पाळण्याच्या कठड्याचे कातीव गज, देव्हाऱ्याचे खांब. हीं सर्व कामें १६ इंचांत बसतात. मुसळ व बैलगाडीचें सामान बसणार नाहीं, तें कातारी व सुतार यांच्याकडेच राहूं द्यावें. सावंतवाडीचे व कर्नाटकांतील चन्नपट्टणचे कारागीर लहान मालावरच नांव कमावून आहेत. चन्नपट्टणचीं खेळणीं तर आपण ज्यास काळा कुडा म्हणतों त्या लांकडाचीं कातलेलीं. आंध्रांत राजमहेंद्रीस १९३० नंतरच्या दशकापासून एबोनाइटच्या कांड्या कातून फाउंटनपेनें करीत आले आहेत. पाइपाची तोंडांतली नळी याच एबोनाइटची होते, तेव्हां पेनवाल्यांना कांडी पुरविणारा व्यापारी पाइपवाल्याच्याहि उपयोगीं पडेल.

लांकडाविषयीं एक सूचना कडक शब्दांत द्यावी लागते. पाइपाचें लांकूड आंतून तापतें व त्याचा अंश धुरांतून तोंडांत जातो. कण्हेर, कुचला, शेर अशीं विषारी झाडें, आणि ज्याचें नांव व गुण ठाऊक नाहीं असें कोणतेंहि लांकूड, पाइपास वर्ज्य समजावें. रंग दिलेलें, किडीचें औषध पाजलेलें, जुन्या दारा-खिडक्यांचें तर मुळींच घेऊं नये. शिसवीच्या भुशानें कित्येकांस अंगावर खाज सुटते व दमा उठतो. बांधावरचें झाड आपलेंच आहे म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वीं वृक्षतोडीविषयींचा १९६४ चा कायदा आठवावा. साग, खैर, चिंच, आंबा, फणस, जांभूळ हीं झाडें सात-बारा आपल्या नांवाचा असला तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. वाऱ्यानें पडलेल्या वा छाटलेल्या बाभळी-बोरीच्या फांद्या सरावास भरपूर आहेत, आणि त्या वर्षभर सांवलींत, टोकांस मेण किंवा रंग लावून ठेवल्या तर तडकत नाहींत.

गिऱ्हाइकाविषयीं थोडक्यांत. पाइप ओढणारे आपल्या खेड्यांत नाहींत, शहरांतहि मोजके. खरें गिऱ्हाईक परदेशांत, व तें हातच्या कामास चांगली किंमत देतें, पण वस्तु हातांत घेऊन भोंकांतून तार घालून पाहतें. नळी व दांडी यांच्या सांध्यांत केस मावेल एवढी फट दिसली तरी पाइप परत येतो. बुरकुंडाचा किंवा बाभळीचा पाइप त्या बाजारांत चालणार नाहीं. तेथें ब्रायरच पाहिजे, आणि ब्रायर इकडे होत नाहीं, तो मागवावा लागतो. त्याच्या ठोकळ्यांत बाहेरून न दिसणारे खड्डे व चिरा असतात. झुडूप खडकाळ जमिनींत वाढतांना गांठींत वाळूचे कण अडकतात, ते कापतांना उघडे पडतात. कोणता ठोकळा स्वच्छ निघेल हें विकणारासहि सांगतां येत नाहीं. म्हणून आरंभीं डझनभर न मागवितां हलक्या प्रतीचे तीन-चारच मागवावे, पहिला खळगा पाडून झाल्यावर लेथ थांबवून आंत उजेड धरून पाहावें, आणि खड्डा भिंतीच्या आरपार गेलेला दिसला तर त्या ठोकळ्यावर पुढचा दिवस न घालवितां तो तेथेंच बाजूस ठेवावा.